‘सहायक महाधिवक्ता’ की सरकारी वकील? सँड्रा डे ओकॉनर यांच्या पदांचे मराठी

विचारणा अशी आहे : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्यावर मराठीत लेख लिहायचा आहे. तेथे पोहोचण्यापूर्वी त्यांनी ॲरिझोना राज्यात जी पदे सांभाळली, त्यांच्यासाठी ‘सहायक महाधिवक्ता’, ‘आमदार’, ‘वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायमूर्ती’ आणि ‘उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती’ असे शब्द योजले, तर ते बरोबर ठरतील का?

यांपैकी ‘आमदार’ हा शब्द एका अटीवर चालेल. उरलेले तिन्ही मराठी वाचकाची दिशाभूल करतील, असे माझे मत आहे. शब्दकोशाच्या दृष्टीने त्यांत चूक काढता येणार नाही. अडचण अशी की, हे शब्द आपल्याकडे आधीच ठरावीक पदांना चिकटलेले आहेत आणि ते वाचताच वाचकाच्या डोळ्यांपुढे ती आपली पदे उभी राहतात, ॲरिझोनातली नव्हे.

पहिले पद घेऊ. ओकॉनर 1965 ते 1969 या काळात ॲरिझोनाच्या असिस्टंट ॲटर्नी जनरल होत्या. आपल्या राज्यघटनेत केंद्राचा महान्यायवादी आणि राज्याचा महाधिवक्ता अशी दोन पदे आहेत. राज्याचा प्रश्न असल्यामुळे ‘महाधिवक्ता’ हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे, आणि त्यापुढे ‘सहायक’ जोडला की काम झाले असे वाटते. परंतु आपला महाधिवक्ता राज्यपालांनी नेमलेला, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची अर्हता असलेला ज्येष्ठ विधिज्ञ असतो. त्याचा ‘सहायक’ म्हणजे त्याच्या खालोखालचा मानकरी, असाच अर्थ मराठी वाचक घेईल. ॲरिझोनाचा ॲटर्नी जनरल हा मतदारांनी निवडून दिलेला पदाधिकारी असतो, त्याच्या हाताखाली वकिलांचे मोठे कार्यालय असते आणि त्या कार्यालयात नोकरीला असलेल्या वकिलांना असिस्टंट ॲटर्नी जनरल म्हणतात. असे वकील एकाच वेळी पुष्कळ असतात. तेव्हा ‘ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात राज्य सरकारच्या वकील’ हे लांबलचक वाटले तरी खरे वर्णन आहे. नुसते ‘सरकारी वकील’ म्हटले तरी चालेल, मात्र आपल्याकडे हा शब्द ऐकताच फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्ध उभा राहणारा वकील आठवतो, त्यामुळे ‘राज्य सरकारच्या वकील’ अशी फोड करून लिहिणे अधिक सुरक्षित आहे. कारण राज्याच्या निरनिराळ्या खात्यांना कायदेशीर सल्ला देणे हाही त्या कार्यालयाच्या कामाचा मोठा भाग असतो. ओकॉनर यांच्या बाबतीत पदाचा दर्जा फुगवून न सांगणे विशेष अगत्याचे आहे. 1952 मध्ये स्टॅनफर्डमधून कायद्याची पदवी घेतलेल्या या बाईंना खाजगी वकिली कंपन्यांनी वकील म्हणून घेतले नव्हते. एका ठिकाणाहून आले ते कायदेविषयक सेक्रेटरीचे काम, आणि कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ काउंटीच्या सरकारी वकील कार्यालयात तर त्यांनी सुरुवातीला बिनपगारी काम केले. त्या पार्श्वभूमीवर 1965 ची सरकारी नोकरी ही प्रगतीच होती, पण ती आपल्या ‘महाधिवक्ता’ या शब्दात मावणारी प्रगती नव्हती.

आता ‘आमदार’. 1969 मध्ये त्या ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये गेल्या आणि 1975 च्या प्रारंभापर्यंत तेथे होत्या. ‘आम’ आणि ‘खास’ या जोडीवर बेतलेले आमदार व खासदार हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत, की राज्याच्या विधिमंडळाचा कोणताही सदस्य, मग तो विधानसभेचा असो वा विधान परिषदेचा, आपण आमदारच म्हणतो. त्या व्यापक अर्थाने ओकॉनर यांना ‘ॲरिझोनाच्या आमदार’ म्हणणे वावगे नाही. अट एवढीच, की लेखात एकदा तरी ‘राज्याच्या सिनेटच्या सदस्य’ असे स्पष्ट लिहावे. ‘सिनेट’ला ‘विधान परिषद’ मात्र करू नये. आपल्या विधान परिषदेवर सदस्य जातात ते आमदारांच्या, स्थानिक संस्थांच्या, पदवीधरांच्या वा शिक्षकांच्या मतांनी किंवा राज्यपालांच्या नियुक्तीने. ॲरिझोनाच्या सिनेटचे 30 सदस्य आणि प्रतिनिधिगृहाचे 60 सदस्य हे दोन्ही सामान्य मतदारच निवडतात. नुसते ‘सिनेटर’ लिहिल्यास वॉशिंग्टनच्या सिनेटचा भास होतो. शिवाय मराठी वर्तमानपत्रांत ‘सिनेटची निवडणूक’ म्हणजे बहुधा विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक असते, हा आणखी एक घोटाळा. ओकॉनर यांच्या चरित्रात तर वॉशिंग्टनचे सिनेटही पुढे येणारच आहे, कारण 21 सप्टेंबर 1981 रोजी त्या सिनेटने 99 विरुद्ध 0 मतांनी त्यांच्या नावाला संमती दिली. म्हणून लेखात ‘ॲरिझोनाचे सिनेट’ आणि ‘अमेरिकेचे सिनेट’ असा भेद प्रत्येक वेळी राखावा लागेल.

1973 मध्ये ओकॉनर ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये ‘मेजॉरिटी लीडर’ झाल्या, आणि अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या सिनेटमध्ये हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. याला ‘बहुमताच्या पक्षाच्या गटनेत्या’ म्हणावे. गटनेता हा शब्द आपल्या महापालिकांपासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र वापरात आहे आणि अर्थही जवळचा आहे. ‘विधिमंडळ पक्षनेत्या’ लिहिले, तर पुढच्याच वाक्यात त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या शपथविधीची अपेक्षा होईल.

खरी कसरत न्यायालयांच्या नावांची आहे. 1975 ते 1979 या काळात ओकॉनर मॅरिकोपा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात न्यायाधीश होत्या. ‘सुपीरियर’ म्हणजे वरिष्ठ, हा अर्थ शब्दापुरता ठीक आहे. परंतु हे न्यायालय साक्षीपुरावा नोंदवून मूळ खटले चालवणारे आहे, आणि आपल्या व्यवस्थेत त्याची जागा साधारणपणे जिल्हा व सत्र न्यायालयाच्या पातळीवर येते. महाराष्ट्रात ‘दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर’ हे पद जिल्हा न्यायाधीशाच्या खालचे आहे, तर वृत्तपत्री भाषेत ‘वरिष्ठ न्यायालयात दाद मागणार’ म्हणजे वरच्या कोणत्याही न्यायालयात जाणार. एवढ्या गर्दीत ‘वरिष्ठ न्यायालय’ हे नाव टाकणे म्हणजे वाचकाला कोडे घालणे आहे. तेथे ‘सुपीरियर कोर्ट’ असेच ठेवावे आणि लगेच ‘म्हणजे मूळ खटले चालवणारे न्यायालय’ असे सांगावे. अमेरिकेतील न्यायालयांच्या नावांवरून त्यांचा दर्जा ओळखता येत नाही, याचे सर्वांत मासलेवाईक उदाहरण न्यूयॉर्क राज्याचे आहे : तेथे मूळ खटले चालवणाऱ्या न्यायालयाचे नाव ‘सुप्रीम कोर्ट’ आहे आणि राज्यातील सर्वांत वरच्या न्यायालयाचे ‘कोर्ट ऑफ अपील्स’. नावाचे शब्दशः मराठी करणारा तेथे हमखास उलटा पडेल.

ॲरिझोनाचे कोर्ट ऑफ अपील्स मात्र सर्वोच्च नाही. सुपीरियर कोर्टाच्या वर आणि राज्याच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खाली असे ते मधल्या पायरीवर आहे. ओकॉनर तेथे 1979 मध्ये गेल्या. त्याला ‘उच्च न्यायालय’ म्हणण्याचा मोह होतो, कारण आपल्याकडेही जिल्हा न्यायालयाच्या वरची पायरी उच्च न्यायालयाचीच. पण आपल्या उच्च न्यायालयाच्या वर राज्यात दुसरे न्यायालय नाही, त्याच्याकडे रिट अर्जांचा मोठा अधिकार आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयात तर ‘अपील शाखा’ आणि ‘मूळ शाखा’ अशा दोन बाजूच आहेत. ‘अपील न्यायालय’ हा शब्द येथे चपखल बसतो. विधी परिभाषेत ‘अपिलीय न्यायालय’ हे रूपही आढळते आणि ते चूक नाही. इंग्रजी शब्दाला संस्कृत प्रत्यय लावलेले हे रूप मला कानाला थोडे टोचते, एवढेच. रूपांचे म्हणाल, तर अपील हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी असून विभक्ती लागताना त्यातील ‘पी’ ऱ्हस्व होते : अपील केले, अपिलात गेले, अपिलाचा निकाल. वकील आणि वकिलाचा यांसारखेच हे आहे. ‘अपील ऐकणाऱ्या न्यायाधीश’ असे वर्णन करून मात्र भागणार नाही, कारण आपले जिल्हा न्यायाधीशही खालच्या न्यायालयांची अपिले ऐकतात.

आता न्यायाधीश आणि न्यायमूर्ती. मराठीत न्यायाधीश हे पदाचे नाव आहे आणि न्यायमूर्ती ही मुख्यतः नावाआधी लावायची आदराची उपाधी. म्हणूनच ‘उच्च न्यायालयाचे न्यायाधीश न्यायमूर्ती अमुक’ असे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येऊ शकतात आणि द्विरुक्ती वाटत नाही. ही उपाधी आपण उच्च न्यायालयापासून वर वापरतो. महादेव गोविंद रानडे अनेक वर्षे खालच्या न्यायालयांत न्यायदान करत होते, पण ‘न्यायमूर्ती रानडे’ हे नाव 1893 मध्ये मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक झाल्यानंतरच्या पदाचे आहे. अमेरिकेत ही सीमारेषा वेगळ्या जागी आहे. तेथे साधारणतः सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांनाच ‘जस्टिस’ म्हणतात, आणि अपील न्यायालयात बसणारे ‘जज’ असतात. त्यामुळे ओकॉनर यांच्यापुरते मी असे करीन : 1975 ते 1981 या काळासाठी ‘न्यायाधीश’ आणि 25 सप्टेंबर 1981 च्या शपथविधीपासून ‘न्यायमूर्ती’. याने मराठी संकेतही फारसा मोडत नाही आणि त्या स्वतः कोणत्या पायरीवर होत्या हेही कळते.

न्यायमूर्ती या शब्दाची आणखी एक सोय आहे. मूर्ती मुळातच स्त्रीलिंगी असल्यामुळे पुरुषासाठी वेगळा आणि स्त्रीसाठी वेगळा शब्द करावा लागत नाही. लिंगभेद क्रियापद सांभाळते. 1978 मध्ये सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, तेव्हा मराठीला नवी उपाधी घडवावी लागली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला मात्र ‘मिस्टर जस्टिस’मधला ‘मिस्टर’ 1980 मध्ये, म्हणजे ओकॉनर येण्याच्या आदल्या वर्षी, गाळावा लागला.

विचारणेत नसलेली, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब क्रियापदांची आहे. मराठीत आमदार ‘निवडून येतो’ आणि न्यायाधीशाची ‘नेमणूक होते’. ही जोडी इतकी पक्की आहे की भाषांतरकाराचे लक्ष नसले तरी हात आपोआप तसेच लिहितो. ओकॉनर यांच्या बाबतीत सुरुवात नेमकी उलटी झाली. 1969 मध्ये सिनेटची एक जागा रिकामी झाली आणि तेथे त्यांची नियुक्ती झाली. त्यानंतर दोन वेळा त्या त्याच जागेवर निवडून आल्या. उलट 1974 मध्ये त्या सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशपदाची निवडणूक लढवून जिंकल्या. ‘न्यायाधीश म्हणून निवडून आल्या’ हे वाक्य मुद्रितशोधकाला खटकेल आणि तो ते सद्हेतूने ‘निवड झाली’ असे दुरुस्त करील, पण त्या दुरुस्तीने वस्तुस्थितीच पुसली जाईल. अपील न्यायालयावरची 1979 ची नेमणूक गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी केली. येथे ‘राज्यपाल’ लिहू नये, कारण अमेरिकेतील गव्हर्नर लोकांनी निवडलेला आणि प्रत्यक्ष कारभार करणारा असतो, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. बॅबिट डेमोक्रॅट होते आणि ओकॉनर रिपब्लिकन, हेही ‘राज्यपालांनी नियुक्ती केली’ या औपचारिक वाक्यात हरवून जाते. शेवटच्या पायरीवर अध्यक्ष रेगन यांनी त्यांचे ‘नाव सुचवले’ आणि सिनेटने ‘संमती दिली’. एकट्या रेगन यांनी ‘नेमले’ असे लिहिणे अपुरे आहे.

आपल्या इतिहासातही ही काळजी घ्यावी लागते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकील होते, 1884 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले आणि 1889 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. वकिली, कायदेमंडळ, न्यायासन हा क्रम ओकॉनर यांच्यासारखाच आहे, तरी तेलंगांना आमदार म्हणणे कालविपर्यास होईल, कारण त्या कायदेमंडळावर सरकार सभासद नेमत असे.

आपल्या लेखासाठी परिच्छेद असा करता येईल : “ओकॉनर 1965 पासून ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात राज्य सरकारच्या वकील होत्या. 1969 मध्ये राज्याच्या सिनेटमधील रिकाम्या जागेवर त्यांची नियुक्ती झाली; पुढे दोनदा निवडून येऊन 1973 मध्ये त्या बहुमताच्या पक्षाच्या गटनेत्या झाल्या. 1974 मध्ये निवडणूक जिंकून त्या मॅरिकोपा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात, म्हणजे मूळ खटले चालवणाऱ्या न्यायालयात, न्यायाधीश झाल्या आणि 1979 मध्ये गव्हर्नरांनी त्यांना राज्याच्या अपील न्यायालयावर नेमले.” यात कोठेही ‘न्या.’ हे संक्षिप्त रूप वापरू नये, कारण ते न्यायाधीश आणि न्यायमूर्ती या दोहोंसाठी छापले जाते, आणि वर केलेला भेद त्या एका टिंबात नाहीसा होईल.