संथ लाट, पण सोबत धावणारी

प्रिय दोस्ता,

माध्यमाचे गुणधर्म तालात हलवून प्रकाश वाढवायचा, हा तुझा आराखडा वाचला. हे हलवणं, म्हणजे मॉड्युलेशन, प्रकाशाच्या दुप्पट वारंवारतेचं लागणार, तेव्हा विषय सोडून द्यावा का, असं विचारलं आहेस. घाई करू नकोस.

झोक्याचा हिशेब तुझा बरोबर आहे. एका हेलकाव्यात दोनदा ऊठबस केली की झोका चढतो. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश १९३ टेराहर्ट्झने डोलतो, म्हणजे ३८६ टेराहर्ट्झचा पंप, म्हणजे ऊर्जा देणारा हेलकावा, हवा. कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स तिथवर पोचत नाही.

पण संथ डोलणं वेगळं आणि संथ धावणं वेगळं. लिथियम नायोबेट या स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला किती संथ करायचं ते ठरवणारा आकडा, विजेने बदलतो. त्याच्या वेव्हगाइडवर, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाटेवर, ४० गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह सोड. अपवर्तनांकाची लाट डोलते प्रकाशाच्या जवळजवळ पाच हजारांश वारंवारतेने, पण इलेक्ट्रोड नीट बेतला तर धावते प्रकाशाच्याच वेगाने. एक लाट साधारण साडेतीन मिलिमीटर लांब. तिच्या ज्या उतारावर पुढचा प्रकाश जरा अडखळतो आणि मागचा त्याला गाठतो, तिथे प्रकाश दाटत जातो. २०१९मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना हीच. वाढीची ऊर्जा देतो मायक्रोवेव्हचा स्रोत. फुकट काही नाही.

आता मेख. इथे नवे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जन्मत नाहीत, असलेल्यांचीच वारंवारता चढते. एक टक्का ऊर्जा वाढायची तर सरासरी वारंवारता जवळजवळ दोन टेराहर्ट्झ सरकायला हवी. ४० गिगाहर्ट्झची पायरी धरली तर अठ्ठेचाळीस पायऱ्या! अपवर्तनांक दहा हजारांत एका भागाने हलत असेल, तर मोक्याच्या जागी बसलेल्या प्रकाशालाही त्यासाठी पाचएक सेंटिमीटर लागतात. तेवढ्या अंतरात चांगला वेव्हगाइडसुद्धा तीनएक टक्के प्रकाश गिळतो. म्हणजे आज वजाबाकीच. माझ्या मते खरी झुंज या गळतीशी आहे, वारंवारतेशी नाही.

आणि पल्सच्या, म्हणजे प्रकाशाच्या झोताच्या, उंच शिखराला भुलू नकोस. मी एकदा ऑसिलोस्कोपवर तिप्पट उंच पल्स बघून रात्रभर नाचलो होतो. सकाळी पॉवर मीटर लावला, काटा जागचा हलला नव्हता. पल्स नुसती आवळली होती. फायबरच्या डिस्पर्शनची, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारता वेगवेगळ्या वेगाने धावण्याची, करामत. (ती वही अजून आहे, दाखवीन कधीतरी.)

पुढचा आलेख पाठवशील तेव्हा सोबत सरासरी पॉवर आणि स्पेक्ट्रम पाठव. मायक्रोवेव्ह उलट्या टोकाने सोडूनही एकदा मोज; तेव्हा लाट प्रकाशासोबत धावत नाही, म्हणून वाढ दिसायला नको. तेव्हाही वाढ तेवढीच दिसली, तर मला फोन करण्याआधी जोडण्या तपास.