उन्हाळ्यात उकडलेली गेवुर्त्सट्रामिनर

तुम्ही म्हणताय की फ्रान्सच्या अल्सास भागातून मागवलेली गेवुर्त्सट्रामिनरची (त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन) पेटी जुलैत कुरिअरच्या गोदामात पडून होती, आता बुचं वर आलीयत, वाईन शिजवलेल्या जॅमसारखी लागतेय. आणि वर विचारलंय की हे द्राक्षच असं असतं का, आणि याच्यासोबत खायचं काय. वाचून माझं डोकं पुन्हा तापलं. आम्ही जर्मनीत आलो त्या उन्हाळ्यात हेच भोगलंय.

द्राक्ष असं नसतं. वाईनचा रंग गडद सोनेरी असेल तर घाबरू नका, द्राक्षाची साल गुलाबी असल्यामुळे तो तसाच असतो. शेवटी जिभेवर येणारा किंचित कडूपणाही त्याचाच. पण लिची आणि गुलाबाचा वास गायब असेल तर बाटली उकडली. लिचीत जो रोझ ऑक्साइड हा सुगंधी घटक असतो तोच या वाईनमध्येही असतो, आणि तिची सगळी मिजास त्या वासावर. आंबटपणा मुळात कमी, त्यामुळे वास गेला की उरतं ते जड, गोडसर पाणी. (बुडबुडे दिसत असतील तर उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबली असण्याचीही शक्यता आहे. तेही लिहून ठेवा.)

आता कुरिअर, म्हणजे आमच्या वेळचा. नाव घेत नाही. त्यांचं म्हणणं, बाटली फुटलेली नाही म्हणजे नुकसान नाही. मी म्हटलं, गोदामात भट्टी पेटली होती. उत्तर आलं: तापमानाची नोंद आम्ही ठेवत नाही, ते जास्त होतं हे तुम्ही सिद्ध करा. नोंद यांनी ठेवायची नाही आणि पुरावा मी द्यायचा! पुढच्या खेपेला दुसऱ्याच खिडकीवर सांगितलं की तक्रार फक्त पाठवणाऱ्याने करायची असते. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं?

म्हणून माझं ठाम मत: कुरिअरशी भांडूच नका, विक्रेत्याला धरा. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार, दुकानाकडून ऑनलाइन मागवलेला माल प्रत्यक्ष तुमच्या हातात पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते. कुरिअर तुम्ही स्वतः ठरवला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मी वकील नाही, तुमच्याकडचे बारकावे ग्राहक सल्ला केंद्रात विचारून घ्या. पण ई-मेल आजच टाका, वर आलेल्या बुचांचे आणि मानेवरच्या चिकट ओघळांचे फोटो जोडून. आणि यापुढे मे ते सप्टेंबर मागवूच नका. शक्य असेल तर गाडी काढून अल्सासमधल्या कोलमार शहरात जा, तेवढ्यात जवळचं रिकव्हीर गावही बघून होईल.

खाण्याचं. 'भारतीय तिखट जेवणाबरोबर गेवुर्त्स' हा सल्ला सगळे एकमेकांचा बघून देतात. मला तो अर्धाच पटतो. अल्कोहोल बऱ्याचदा 13.5-14 टक्के असतं, त्याने मिरचीचा जाळ आणखी भडकतो. तांबड्या रश्श्याबरोबर उघडलीत तर ना रस्सा लागेल ना वाईन. पांढरा रस्सा मात्र छान जमतो. नारळाचं दूध, आलं, खडा मसाला, सगळं तिच्या अंगाला लागतं. ओल्या काजूची उसळही. चिंच-कोकमाचं काही नको, त्यापुढे ती अगदी मिळमिळीत वाटते. शाकाहारी पाहुणे असतील तर अल्सासमधली खरी जोडी म्हणजे मुन्स्टर चीज, वर जिरं. वास उग्र येतो, खिडकी उघडी ठेवा. (कट्टर शाकाहारी असतील तर चीजमधल्या रेनेटचं आधी विचारा, दूध गोठवणारा हा पदार्थ बऱ्याचदा वासराच्या पोटातून काढलेला असतो.)

घेताना लेबलवर गोडी बघा. 2021 च्या हंगामापासून अल्साससाठी ती लिहिणं सक्तीचं आहे: सेक म्हणजे कोरडी (गोडी जवळजवळ नसलेली), मग दमी-सेक, म्वालो, आणि दू सगळ्यात गोड. जेवणाबरोबर मी दमी-सेकच्या पुढे जात नाही, पण आमच्या घरातच यावर एकमत नाही.

आणि उरलेल्या बाटल्या रागाने सिंकमध्ये ओतू नका. विक्रेता परत मागू शकतो.