‘डब्ल्यू’ म्हणजे नापास का?

ऑक्टोबरचा मध्य आला, की समुपदेशक म्हणून माझ्याकडे दरवर्षी एकच प्रश्न निरनिराळ्या घरांतून येऊ लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून अमेरिकेत एमएस करायला गेलेल्या मुलांचे पहिले सत्र तेव्हा निम्मे सरलेले असते, पहिल्या परीक्षेचे गुण हाती आलेले असतात, आणि कोणीतरी अवेळी घरी फोन करून विचारते, ‘एक विषय सोडू का?’ मग घरचे मला विचारतात, ‘मॅडम, विषय सोडला तर रेकॉर्डवर डाग पडतो ना? व्हिसाचं काय?’ हे इतक्यांदा ऐकले आहे, की एका मुलाची हकिगत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

तो वडगावचा. वडिलांचे चार यंत्रमाग, बेळगावातच झालेली अभियांत्रिकीची पदवी आणि घर तारण ठेवून काढलेले कर्ज. (कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँका सहसा तारण मागतात, त्यामुळे आमच्याकडच्या अशा मुलांच्या पाठीवर बहुधा एक अख्खे घर असते.) त्याने चार विषय, म्हणजे १२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक, येथे दर विषयाला तीन) घेतले होते. पहिल्या आठवड्यात, विषयांची अदलाबदल मोकळेपणाने करता येते तेव्हा, सीनिअर मुलांच्या सांगण्यावरून त्याने एक सोपा विषय काढून मशीन लर्निंग घेतले. त्यासाठी लागणारे संख्याशास्त्र पक्के नव्हते. पहिल्या परीक्षेत १०० पैकी ३८ मिळाले, आणि त्या एका विषयाच्या मागे लागून उरलेले तीनही ढासळू लागले.

आमचे बोलणे येथील रात्री नऊला, तेथील सकाळी साडेअकराला होत असे.

‘विषय सोडता येतो का?’ मी विचारले.

‘नियमाने येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, डब्ल्यू असा शेरा येतो.’

‘मग अडतं कुठे?’

‘चारही विषय झालेच पाहिजेत ना मॅडम.’

मराठीतले हे एकाक्षरी ‘च’ मी वहीत नेहमी गोल करून ठेवते. ‘झाले तर बरे’ आणि ‘झालेच पाहिजेत’ यांच्यात माणसाची झोप जाण्याइतके अंतर आहे, आणि परिस्थितीपेक्षा तिच्याविषयी आपण स्वतःला दिलेला हुकूमच अधिक छळतो, असे माझे बऱ्याच वर्षांच्या कामानंतरचे ठाम मत आहे. पण ‘च’ काढून टाक, असे सांगून तो निघत नाही. तो आला कोठून, हे आधी पाहावे लागते.

या मुलाचा ‘च’ आला होता आमच्याच गावातून. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, आणि ‘बॅक’ (विषय मागे राहणे) व ‘इयर बॅक’ (वर्ष मागे राहणे) हे शब्द आमच्याकडे ज्या घरात कोणी इंजिनिअर नाही त्या घरातही ठाऊक असतात. येथे सत्राचे विषय जवळजवळ ठरलेलेच हाती पडतात. वैकल्पिक विषयांची थोडी निवड असते, पण ‘या सत्रात एक कमी घेतो’ असे सहसा कोणी म्हणत नाही, आणि एखादा विषय मागे राहिला तर तो राहिला, म्हणजे नापासच. चार वर्षे या शिस्तीत वाढलेल्या मुलाला तेथे पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते, की किती विषय पेलतील हे तूच ठरव. तो नियम इंग्रजीत वाचत होता, पण त्याचा अर्थ येथे, विद्यापीठाच्या मच्छेच्या रस्त्यावर, शिकलेल्या भाषेत लावत होता. हे माझ्या ध्यानात यायला, खरे सांगायचे तर, तीन बैठका गेल्या.

चौथ्या बैठकीला मी त्याच्या वडिलांना माझ्या खोलीत बसवले. मुलाला हे आवडले नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की आज मी काही बोलणार नाही, आप्पा विचारतील त्याचे उत्तर तू द्यायचे.

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि फोनकडे बघत विचारले, ‘डब्ल्यू म्हणजे नापास काय रे?’

‘नाही आप्पा. नापासाला एफ. डब्ल्यू म्हणजे मधनं सोडला. त्याचे गुण सरासरीत धरत नाहीत.’

‘आणि नाही सोडलास तर?’

मुलगा थांबला. मग त्याने तोंडी हिशेब केला: तीन विषयांत बी, म्हणजे प्रत्येकी ३, आणि चौथ्यात सी, म्हणजे २, बेरीज ११, सरासरी २.७५. विद्यापीठाची अट ३ ची, म्हणजे प्रोबेशन, सरासरी सुधारण्याची ताकीद. चौथा सोडला तर सरासरी नेमकी ३. ‘आणि तिघांना वेळ मिळाला, तर एखाद्यात ए पण येईल,’ असे तो म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला. ही दोन वाक्ये मी त्याला आधी तीनदा ऐकवली होती. ती दुसऱ्याला समजावून सांगताना त्याने प्रथमच ऐकली. आप्पांना बोलावण्याचा निर्णय माझा होता आणि त्याचे समाधान मी लपवत नाही. पण त्यापुढचे वाक्य माझे नव्हते.

‘ताण्याचा धागा तुटला की आम्ही माग थांबवतो,’ आप्पा म्हणाले. ‘गाठ मारून मग चालू. तसाच रेटला तर सगळ्या लुगड्यात दोष जातो. तुझ्या वेळी हे कसं सुचलं नाही बघ मला.’

आता ज्यांच्या घरी हाच पेच आहे, त्यांच्यासाठी थोडे नियमांविषयी. व्हिसाची भीती निराधार नाही, पण ती डब्ल्यूच्या शेऱ्याशी नव्हे, क्रेडिटच्या संख्येशी जोडलेली आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याने पूर्णवेळ राहावे लागते: पदवीला सत्रात किमान १२ क्रेडिट, आणि एमएसला विद्यापीठ ठरवेल तेवढे, बहुतेक ठिकाणी ९. या मुलाकडे १२ होते, म्हणून एक विषय सोडूनही तो ९ वर राहिला. मात्र नऊचेच सहा होणार असतील, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आणि नंतर विषय सोडणे, हा क्रम कधीही उलटा करू नये. सुरुवातीच्या अभ्यासाच्या अडचणींसाठी अशी सवलत मिळते, पण शिक्षणाच्या एका पातळीवर (पदवी किंवा एमएस) एकदाच, आणि तीही किमान निम्मा भार ठेवून. पूर्णवेळेच्या हिशेबात ऑनलाइन विषय सत्राला एकच धरला जातो, आणि नुसते श्रोता म्हणून बसलेला विषय धरतच नाहीत. राहिलेल्या तिनांत काय आहे ते त्यामुळे तपासावे लागते.

‘मग पास-फेल का घेत नाही?’ असेही पालक विचारतात. त्यात क्रेडिट मिळते आणि सरासरीला धक्का लागत नाही हे खरे, पण एमएसच्या मुख्य विषयांना ही सोय बहुधा नसते आणि तिची मुदत अनेकदा लवकर संपते. ‘इनकम्प्लीट’ हा शेराही पळवाट नव्हे. बहुतेक काम झालेले असताना आजारपणासारखे काही आडवे आले, तर प्राध्यापकांच्या संमतीने तो मिळतो. पैशाचे मात्र स्पष्ट बोललेले बरे: सत्राच्या मध्यावर विषय सोडल्यास त्याची फी सहसा परत मिळत नाही. आप्पांनी तो आकडा विचारला, रुपयांत करून घेतला, आणि थोडा वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. ते दुःख मी हलके करायला गेले नाही.

मुलाने दुसऱ्या दिवशी सल्लागार प्राध्यापकांना मेल लिहून विषय सोडला. डिसेंबरात दोन बी आणि एक ए आला. सुट्टीत त्याने संख्याशास्त्राचा पाया पक्का केला.

जानेवारीत आप्पांचा फोन आला. नव्या सत्रात पोराने तीनच विषय घेतलेत, असे ते म्हणाले. ‘चौथ्याचं विचारावं असं तोंडावर आलं होतं, मॅडम. नाही विचारलं.’