पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) इंजेक्शन देताना वापरलेली सुई बोटाला टोचली, आता काय करू?

आधी नळाखाली बोट धरा आणि साबणाने नीट धुवा, बास. दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट नि ब्लीच तर नकोच (अजूनही कोणीतरी सीनियर हेच सांगतं). मग लगेच मेडिकल ऑफिसरना सांगून रजिस्टरला नोंद करायला लावा, घाबरून गप्प बसायचं नाही.

खरी गडबड वेळेची आहे. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायची पीईपी गोळी शक्यतो 2 तासांत सुरू व्हायला हवी, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दरड-बिरड आली की रत्नागिरी किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायलाच किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून पहिला डोस पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळतो का ते आत्ताच फोन करून विचारा, पेशंटच्या रिपोर्टसाठी थांबू नका. कोर्स 28 दिवसांचा, मळमळ होते म्हणून मधेच सोडू नका.

तसा पेशंटला लागण असेल तर एचआयव्हीचा धोका साधारण 0.3 टक्के, हिपॅटायटिस बी त्याहून कितीतरी जास्त, लस नसेल तर 30 टक्क्यांपर्यंत. तुमचे तीन डोस झालेत का? नसतील तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) दोन्हीबद्दल डॉक्टरांना विचारा. पेशंटची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी टेस्ट त्याच्या संमतीने, तुमचीही आजच.

आणि सुईला परत टोपण लावायची सवय सोडा, सरळ हब कटर (सुई कापायचं यंत्र) वापरा.