मालवण-तारकर्लीला स्कुबा करताना शार्क आणि बुडालेली जहाजं दिसतील का?

दिवाळीनंतर आठवड्याची सुट्टी आहे, पुण्याहून नवरा-बायको दोघं निघणार, शार्क आणि बुडालेलं जहाज बघायचंय, मग मालदीवला जाण्याऐवजी मालवणात भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. मी मालवणचाच, डाइव्हच्या होडीवर काम करतो, त्यामुळे ‘या, सगळं दाखवतो’ म्हणणं मला सोयीचं होतं. पण शार्कसाठी इथे आलात तर हिरमुसून परत जाल. शिकण्यासाठी आलात तर मात्र पुढे मालदीवला गेल्यावर आमची आठवण काढाल.

आधी शार्कचं बघू. आमच्या समुद्रात शार्क नाहीत असं नाही. मालवण बंदरावर संध्याकाळी लिलावाला उभे राहा, टोपलीत मोरी (आमच्याकडे लहान शार्कला मोरी म्हणतात) दिसेलच. बहुतेक हात-दीड हातभर लांब, चपट्या नाकाची लहान जात. महाराष्ट्राच्या जाळ्यांत हीच सगळ्यात जास्त मिळते. ती गढूळ, चिखलाच्या तळाशी वावरते आणि डाइव्हरच्या बुडबुड्यांच्या आवाजाने केव्हाच पसार होते. खडकांच्या कपारीत कधीतरी बांबू शार्क निपचित पडलेला सापडतो. तो वावभरसुद्धा नसतो आणि कुणाच्या वाटेला जात नाही. व्हेल शार्क हा सगळ्यात मोठा मासा अधूनमधून कोकणपट्टीवर येतो, पण तो मच्छीमारांच्या जाळ्यात आला की बातमी होते. ‘अमुक ठिकाणी गेलो की दिसतो’ असं इथे कुणीही सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका. २००१ पासून व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जाळं कापून असा संरक्षित जीव सोडून दिला, तर मच्छीमाराला जाळ्याची भरपाई म्हणून पंचवीस हजारांपर्यंत रक्कम देण्याची राज्याची योजना २०१८ च्या अखेरीपासून चालू आहे. त्या जाळ्यांच्या फोटोंमुळेच आपल्याला कळतं की हा मासा इथून जातो.

भीतीचंही विचारलंय तुम्ही, म्हणून सांगतो. साऱ्या जगात वर्षाला माणसाने न डिवचता झालेले शार्कचे हल्ले साधारण साठ-सत्तरच्या आसपास असतात, आणि त्यात टँक लावून डाइव्ह करणारे फार थोडे. बहुतेक सर्फिंग करणारे आणि किनाऱ्यालगत पोहणारे. आपल्याकडे २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत, एका तरुणाच्या पायाचा शार्कने चावा घेतला होता. म्हणजे महाराष्ट्रातली ती घटना समुद्रात नाही, आत खाडीत घडली. बुल शार्क गोड्या पाण्यातही शिरतो. निळ्या पाण्यात डाइव्ह करताना खरी काळजी करायची ती हवेच्या काट्याची, प्रवाहाची आणि आपल्या कानांची.

आता जहाजांचं. कोकणच्या तळाशी जहाजं भरपूर आहेत, पण ‘आहे’ आणि ‘बघता येतं’ यात खूप अंतर. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. ते लाकूड आज तिथे तसंच असेल अशी कल्पना करून लोक विचारतात, पण उबदार समुद्रात लाकूड टिकत नाही. ते पोखरणारे जीव काही वर्षांत तुळईची चाळण करतात आणि उरलेलं गाळ गिळतो. म्हणून जुन्या लाकडी जहाजाची जागा म्हणजे बहुतेक वेळा नांगर, तोफा, मडकी-खापरं. गोव्याजवळ सुंची रीफला एका जुन्या पोर्तुगीज जहाजाच्या जागी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला हेच सापडलं: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मोठाले रांजण. जहाज असं काही उरलेलं नव्हतं.

लोखंडी जहाज टिकतं. पण मुंबई-कोकण पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक असलेली ‘रामदास’ बोट, जी १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ सहाशेहून जास्त माणसांसकट बुडाली, तिच्याकडे सहलीची जागा म्हणून बघणं मला तरी पटत नाही. शिवाय मुंबई बंदराच्या पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न तसा आपोआपच सुटतो.

एक जहाज मात्र लक्षात ठेवा. नौदलाचं ‘गुलदार’ हे रणगाडे-सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं जहाज २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ते एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, ताब्यात आलं. निवती रॉकजवळ ते तळाला बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळाची जागा करायची अशी ती योजना. बुकिंग करण्याआधी त्या घडीला काम कुठवर आलंय ते एमटीडीसीला विचारा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओवरून ठरवू नका. मुद्दाम बुडवलेलं जहाज नवशिक्यांसाठी चांगलं असतं. बुडवण्याआधी त्यातलं तेल, वायरी, अडकणारे दरवाजे काढतात, आत-बाहेर जायला वाट मोठी करतात. पण पहिली काही वर्षं ते नुसतं लोखंड दिसतं. त्यावर शिंपले, मऊ प्रवाळ धरायला आणि त्यामागे तांबोशी-गोबऱ्यांसारखे मासे यायला वेळ लागतो. निवती रॉकला जाणं झालंच तर वर दीपगृहाच्या बाजूलाही बघा, तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. होडीवाल्याला सांगा, दुरून दाखवेल.

मग मालवणात नेमकं मिळतं काय? दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी ‘स्कुबा’ या एकाच नावाने विकल्या जातात. पहिली, किल्ल्याजवळच्या खडकांवर दहा-वीस मिनिटं. मागून एक मुलगा तुम्हाला धरून असतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा, मासे येतात, व्हिडिओ निघतो. मजा आहे, नाही म्हणत नाही, पण त्याला डाइव्हिंग शिकणं म्हणत नाहीत. आणि फोटोसाठी माशांना पाव-बिस्किटं टाकणारा दिसला तर त्याला सरळ नको म्हणा. हा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरातला आहे, बेकरीचा माल माशांच्या पोटाला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोर्स. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा शिकवणारी संस्था आहे, खोल तलाव आहे, खाजगी शिक्षकही आहेत. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या कोर्सला तीन-चार दिवस लागतात. आधी तलावात मास्क पाण्याने भरून रिकामा करणं, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते तोंडातलं यंत्र) तोंडातून सुटला तर परत पकडणं, जोडीदाराच्या हवेवर वर येणं, मग समुद्रात डाइव्ह. कोर्स झाल्यावर मिळणारं कार्ड अठरा मीटर खोलीपर्यंतचं, जगभर चालतं. पुढचं ॲडव्हान्स्ड तीस मीटरपर्यंत. तुम्हाला जी जहाजं आणि जे शार्क बघायचेत, ते बहुतेक या दोन आकड्यांच्या मधे आहेत. म्हणून तुमच्या आठवड्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. (टँकमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. पहिल्याच दिवशी हे कळलेलं बरं.)

इथे शिकण्याचा एक फायदा कुठल्या जाहिरातीत नसतो. आमचं पाणी फार निवळ नसतं. चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, वाईट दिवशी दोन. अशा पाण्यात शिकलेला माणूस जोडीदाराला सोडत नाही, होकायंत्राकडे बघतो, तळाचा गाळ उडू नये म्हणून पाय जपून मारतो. जहाजाच्या जवळ नेमकं हेच लागतं. मालदीवच्या निवळशंख पाण्यात शिकलेली मंडळी पहिल्यांदा अंधाऱ्या केबिनच्या दारात आली की पाय आपटून गाळ उठवतात आणि मग कुणालाच काही दिसत नाही.

तारखा ठरवताना कॅलेंडरमधली सुट्टी बघा, पण तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीची ओढ जास्त, पाणी ढवळलेलं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी, गाळ बसलेला. आमचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, सकाळी पाण्याकडे बघून ‘आज काय दिसूचा नाय’ म्हणाला तर वाद घालू नका, कोर्सची तलावाची बाजू त्या दिवशी उरकून घ्या. हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातले नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. पावसाळ्यात समुद्रातला स्कुबा बंद, कुणी ‘करून देतो’ म्हणाला तरी.

गोव्यापर्यंत उतरायची तयारी असेल तर ग्रँड आयलंडला सुझीज रेक नावाचं मोडलेलं लोखंडी जहाज आहे, बारा-पंधरा मीटरवर. नवं कार्ड घेतलेल्यांना ते झेपतं. आणखी खाली मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, पाणी आमच्यापेक्षा निवळ. आपल्या समुद्रातलं सर्वांत सुंदर पाणी मात्र आंग्रिया बँकवर, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, वीसेक मीटर पाण्याखाली बुडालेलं विस्तीर्ण पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी सहल नाही, म्हणून या दिवाळीच्या यादीतून ते काढून टाका.

कार्ड हातात आल्यावर पुढच्या वर्षी कुठे, तर माझं मत मालदीव. मुंबईहून थेट विमान, आणि २०१० मध्ये तिथे शार्कच्या मासेमारीवर बंदी आली, त्याचा परिणाम पाण्यात दिसतो. साऊथ आरी भागात व्हेल शार्क वर्षभर असतात, त्यांना वरून स्नॉर्कल लावूनही बघता येतं. वाघ्या (टायगर) शार्क बघायचे तर दक्षिणेला फुवाहमुला बेट, पण तिथे ॲडव्हान्स्ड झाल्याशिवाय जाऊ नका. आणि मालेच्या विमानतळाच्या अगदी शेजारी ‘मालदीव व्हिक्टरी’ हे मालवाहू जहाज आहे. रिसॉर्टांसाठी सामान घेऊन सिंगापूरहून आलं आणि १३ फेब्रुवारी १९८१ ला खडकावर आदळून बुडालं. तळ पस्तीस मीटरला, वरचा भाग पंधराएक मीटरपासूनच लागतो, पण तिथला प्रवाह दणकट असतो. म्हणजे एकाच सहलीत तुमच्या दोन्ही इच्छा, तेही रिसॉर्टात न राहता. गावातल्या बेटांवर साधी गेस्ट हाऊस आहेत, खर्च बराच आवरतो.

जहाजांचंच वेड लागलं तर मग लाल समुद्र. ‘थिसलगॉर्म’ नावाचं इंग्रजी मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी बुडवलं. आत मोटारसायकली, ट्रक, रायफली, सैनिकांचे बूट अजून आहेत, तीस मीटरच्या आत. श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळची ‘हर्मिस’ विमानवाहू युद्धनौका नकाशावर जवळ वाटते, पण ती पन्नास मीटरच्या खाली. हौशी डाइव्हरची हद्द चाळीसला संपते, त्यामुळे तिचा विचार सध्या नकोच. आणि कुठल्याही जहाजाच्या आत शिरायचं ते वेगळं शिक्षण घेऊनच. बाहेरून फिरण्यातच पहिली काही वर्षं जातील, आणि त्यात कमीपणा नाही. जवळ एक छोटी कात्री किंवा कटर ठेवा, कारण बुडालेल्या जहाजावर तुटलेली जाळी अडकलेली असतातच.

येण्याआधी दम्याचा, कानाचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर वैद्यकीय फॉर्मवर खरं लिहा आणि डॉक्टरांची सही घेऊनच या. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात जाऊ नका, कान मोकळे होत नाहीत.

आणि परतीचं. पुण्याची माणसं दुपारी डाइव्ह करून संध्याकाळीच आंबोली किंवा फोंडाघाट चढायला लागतात. अंगात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो, म्हणून तर डाइव्हनंतर विमानात बसायला एका डाइव्हसाठी बारा आणि अनेक डाइव्हसाठी अठरा तास थांबायला सांगतात. साधारण सहाशे मीटरच्या वर गेलात की घाटालाही तोच नियम लावायचा, आणि आंबोली जवळजवळ सातशे मीटरवर आहे. किल्ल्याजवळच्या दहा मिनिटांच्या उथळ स्कुबाला धोका कमी, पण तोही डाइव्हच, बारा तास धराच. कोर्सच्या डाइव्हनंतर मात्र शेवटचा दिवस कोरडा ठेवा: सिंधुदुर्ग किल्ला बघा, बाजारातून खाजं घ्या, रात्री मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.