जिल्हा परिषदेच्या शाळेत पाच वर्गांना दोनच शिक्षक का असतात आणि शिक्षणाचा पैसा जातो कुठे?

तुम्ही विचारले आहे की, गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवी असे पाच वर्ग, पट (नोंदवलेली मुले) चोवीस आणि शिक्षक मात्र दोनच. सरकार एका मुलामागे खासगी शाळेच्या फीहून अधिक खर्च करते असे ऐकू येते, आणि इकडे वीजबिल थकल्यामुळे शाळेचे मीटर काढून नेतात, तर मग मधला पैसा जातो कुठे? मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या सेवेत होतो. त्यातील शेवटची नऊ वर्षे मराठवाड्यात, ऊसतोड मजुरांच्या पट्ट्यात, केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून काम करून २०२४ मध्ये निवृत्त झालो. तुमच्या प्रश्नामागचा संशय मी समजू शकतो, पण माझ्या मते मूळ दुखणे निराळे आहे. शाळेला शिक्षक आणि पैसा दोन्ही पटावर मिळतात आणि शिक्षकांसाठीचा पट मोजला जातो तो वर्षातल्या एका दिवसाचा. त्या दिवशी किती मुले होती एवढे कागदावर येते. ती मुले कोणाची आहेत आणि वर्षभर कुठे असतात, हे त्या आकड्यात कुठेच उतरत नाही.

आधी पैशाचे पाहू. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, परंतु शिक्षकांचे वेतन राज्य शासनाच्या अनुदानातून होते. शालार्थ या वेतनाच्या ऑनलाइन प्रणालीतून ते शिक्षकाच्या बँक खात्यात जमा होते; शाळेच्या खात्याशी त्याचा संबंध येत नाही. वीस-बावीस वर्षे सेवा झालेल्या दोन शिक्षकांचे वर्षाचे वेतन भत्त्यांसह वीस लाखांच्या आसपास जाते. ते चोवीस मुलांत वाटले की एका मुलामागे ८३ हजार रुपये होतात, आणि तुम्ही ऐकलेला मोठा आकडा याच भागाकारातून तयार होतो. त्याच शाळेच्या हातात वर्षाकाठी काय पडते? समग्र शिक्षा योजनेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे आणि त्यातील संयुक्त शाळा अनुदानाचे दर पटानुसार ठरलेले आहेत: ३० पर्यंत पट असल्यास १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. चोवीस पटाच्या तुमच्या शाळेला १० हजार रुपये. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. उरलेल्या ९ हजारांत, म्हणजे महिन्याला साडेसातशे रुपयांत, खडू, हजेरीपत्रके, छपाई, नळाची तोटी, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल हे सगळे बसवायचे. पाठ्यपुस्तके, गणवेश आणि पोषण आहार यांची तरतूद वेगळी असते, वर्गखोल्यांचे बांधकाम जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होते. पण रोजच्या संसाराला शाळेकडे एवढेच. विजेचा दर आणि गळणारे छप्पर पट पाहून कमी होत नाहीत. हे अनुदान पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या अखेरीस हाती येते आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो, त्यामुळे जुलैत फुटलेल्या पत्र्याचे पैसे मुख्याध्यापकाने आपल्या खिशातून दिलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत.

आता शिक्षकांचे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० साठी तीन आणि ९१ ते १२० साठी चार शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर पट गेल्याशिवाय नाही. म्हणजे तुमच्या शाळेतील दोन शिक्षक ही कायद्याने दिलेली पूर्ण संख्या आहे, त्यात एकही जागा रिक्त नाही. कायदा मुले मोजतो, वर्ग मोजत नाही, आणि लहान गावांच्या शाळेला बसणारा सर्वांत मोठा फटका हाच आहे असे मला वाटते. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी-पाचवी. त्यातील एक शिक्षक प्रभारी मुख्याध्यापक. शाळेला लिपिक नसतो, शिपाई नसतो. यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, गणवेशाचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त आणि तालुक्याची बैठक हे सारे त्याच माणसाकडे. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांकडून करून घेण्याची मुभा ठेवली आहे, त्यामुळे मतदार याद्यांचे कामही त्यालाच. तो बाहेर गेला की पाच वर्ग एका शिक्षकाच्या अंगावर पडतात.

पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याचे, निकष आणखी कडक केले आणि वीसपर्यंत पट असलेल्या शाळेत एक नियमित शिक्षक देऊन दुसरा गरजेनुसार सेवानिवृत्तांमधून घेण्याची तरतूद आणली. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला आणि माझ्या मते तो रास्त होता, कारण चौदा मुलांच्या शाळेतही वर्ग पाचच असतात.

संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. अलीकडे त्यात आधार वैध असलेलीच मुले धरली जाऊ लागली. माझ्या केंद्रातील एका शाळेचा पट त्या दिवशी बरोबर ६१ होता, म्हणजे तिसरे पद शाबूत. संगणकावर आकडा आला ६०. पहिलीतील एका मुलीचे दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव वेगळे आणि आधारवर घरात हाक मारायचे नाव. जन्मतारीखही कोणीतरी १ जानेवारी टाकून दिलेली. मुख्याध्यापक तिला आणि तिच्या वडिलांना मोटारसायकलवर घेऊन दोनदा तालुक्याला गेले. पहिल्या वेळी केंद्रावर यंत्र बंद होते, दुसऱ्या वेळी जन्मदाखला पाहिजे म्हणून परत पाठवले. मुदत संपली. तिसरे शिक्षक अतिरिक्त ठरले आणि समायोजनात दुसऱ्या गावी गेले. निरोपाच्या दिवशी ती मुलगी पहिल्या बाकावर पाटी घेऊन बसली होती, आणि शासनाच्या हिशेबी ती त्या शाळेत नव्हती.

ज्यांच्या नावांत अशी गफलत असते ती मुले कोण, इथे खरा प्रश्न येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावातील नोकरदार, दुकानदार, बागायतदार यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमधून तालुक्याला जाऊ लागली. माझ्या केंद्रातील शाळांच्या रजिस्टरमध्ये पालकाच्या व्यवसायाचा रकाना पाहिला, की १९९५ च्या आसपास शेती, नोकरी, सुतारकाम, किराणा असे सगळे सापडते; अखेरच्या वर्षांत त्या रकान्यात ‘मजुरी’ याखेरीज फारसे काही उरले नव्हते. जी मुले राहिली ती भूमिहीनांची, अनुसूचित जाती-जमातींची, भटक्या विमुक्तांची, एकट्या आईची, आजीकडे ठेवलेली. त्यांना घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, म्हणजे त्यांना शिक्षक अधिक हवा. संचमान्यतेच्या सूत्रात मात्र डॉक्टरचे मूल आणि ऊसतोड्याचे मूल यांचे वजन सारखेच. वंचितांसाठी गणवेश आणि शिष्यवृत्ती यांसारख्या योजना आहेत, त्यांचा उपयोगही होतो, पण अधिक वेळ देणारा जास्तीचा शिक्षक त्यांतून मिळत नाही.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हे आणखी तीव्र होते. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ३० सप्टेंबरला मुले गावात असतात, त्यामुळे पट भरलेला दिसतो. नोव्हेंबरात अर्धा वर्ग रिकामा. तीच मुले कारखान्याच्या परिसरातील ज्या शाळेत जाऊन बसतात, तिथली संचमान्यता आधीच झालेली असते, म्हणून त्यांच्यासाठी तिथे शिक्षक नसतो. गावाकडे पद आहे आणि मुले नाहीत, फडाकडे, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी, मुले आहेत आणि पद नाही; सहा महिन्यांनी मुले परत येतात ती वाचन विसरून. मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून जेवण आणि अभ्यासाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे हा यावर मी पाहिलेला सर्वांत उपयोगी इलाज आहे. एका गावात संध्याकाळी सात वाजता समाजमंदिरात तीस-बत्तीस मुले भाकरी-आमटी खाऊन कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली पाढे म्हणत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांतील बहुतेकांची चौथी त्या वर्षी बुडाली नाही.

भरतीबद्दल थोडक्यात सांगतो. जिल्हा परिषदांत २०१० नंतर मोठी भरती झाली ती २०१७ च्या शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या आधारे पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या शासकीय संकेतस्थळामार्फत थेट २०१९ मध्ये, आणि त्यानंतर २०२३ च्या चाचणीवर २०२४ मध्ये. मधल्या काळात निवृत्ती थांबली नव्हती. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. त्याचे मानधन बराच काळ ६ हजार रुपये होते, २०२३ मध्ये ते १६ हजार झाले.

लहान शाळा बंद करून मुले एकत्र आणावीत असे अनेक जण सुचवतात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात साडेचौदा हजारांहून अधिक आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार असल्याचे समोर आले, आणि समूहशाळांचा विचार पुढे आला. कागदावर बचत दिसते. पण राज्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले आहे ते उगाच नाही. मधला ओढा पावसाळ्यात भरला, की सहा वर्षांच्या मुलीला घरचे लोक पाठवत नाहीत, आणि पुढे ती कधीच जात नाही. वाहनाची खात्री नसेल तिथे शाळा हलवू नये, या मताचा मी आहे.

तुम्हाला करता येण्यासारखे सांगतो. मुख्याध्यापकांकडे गेल्या पाच वर्षांची संचमान्यता आणि वर्गनिहाय पट मागा. ती गुप्त कागदपत्रे नाहीत, माहितीच्या अधिकारात मिळतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया, तेव्हा बैठक खरोखर होते का ते पाहा, आणि वीजबिल व किरकोळ दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात धरावी असा ठराव तिथून ग्रामसभेकडे न्या. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून पुढे कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार राहिला, त्या काळात शाळेची बाजू मांडणारा निवडून आलेला सदस्यच नव्हता, म्हणून ग्रामसभेचा ठराव मी अधिक महत्त्वाचा मानतो. ऑगस्टमध्येच एक दुपार काढून रजिस्टरमधील प्रत्येक नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यासाठी धावपळ करून उपयोग होत नाही. तुमच्या गावातून टोळ्या जात असतील, तर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची नावे आणि मागे राहणाऱ्या आजी-आजोबांची संमती गोळा करून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दसऱ्याच्या आधी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या, कारण पहिला ट्रक सुटल्यानंतर दिलेल्या प्रस्तावाला मंजुरी मिळेपर्यंत मुले फडावर पोहोचलेली असतात.