बाटल्यांची काच फोडून स्लॅबमध्ये कन्हान नदीच्या वाळूऐवजी टाकली तर चालते का?

स्लॅबमध्ये नका टाकू भाऊ. कबाडीवाल्याकडची काच फुकटात मिळाली तरी काचेत सिलिका असते आणि सिमेंटमधल्या अल्कलीशी तिची रिअ‍ॅक्शन होऊन जेल बनते, ते जेल पाणी पिऊन फुगते अन् मग काही वर्षांनी काँक्रीटला जाळीसारख्या भेगा पडतात. गंमत म्हणजे तीच काच पिठासारखी बारीक दळली, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या खाली, तर उलट सिमेंटसारखी मदत करते, पण ते दळणार कोण, घरचा मिक्सर तर नाही ना! अंगणातल्या पेव्हर ब्लॉकमध्ये थोडी टाकून बघायची तर बघा, फक्त लेबलं अन् साखरेचा चिकटा नीट धुवा, साखरेने सिमेंट सेटच होत नाही लवकर.

वेस्ट वापरायचंच असेल तर सरळ पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट) घ्या, त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते, कोराडी-खापरखेड्याच्या थर्मल वीज केंद्रांमधून निघते तशीच राख. मिस्त्री म्हणेल पीपीसी स्लो आहे, ताकद हळू धरते, खरंय ते, म्हणून आपल्या उन्हात १४ दिवस पाणी मारा, तिथे कंजूषी नको.